उभी असताना ठणठणीत: जुन्या कार्ब्युरेटर गाडीच्या हरवलेल्या ताकदीचं प्रकरण

तक्रार तीन शब्दांची होती. "गाडी ओढत नाही." मित्राने ती फोनवर सांगितली आणि पुढची दहा मिनिटं आजवर काय काय बदललं त्याची यादी वाचली. प्लग नवे, पॉइंट नवे, कंडेन्सर नवा. डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर, प्लगच्या वायरी, सगळं नवं. एअर फिल्टर आणि पेट्रोल फिल्टर नवे. कार्ब्युरेटर उघडून धुऊन त्यात नवं किट टाकलेलं. टाकीपासून पुढे येणारी पेट्रोलची लाइन कॉम्प्रेसरने हवा मारून मोकळी केलेली. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, नुकतंच लावून घेतलेलं. एवढं सगळं होऊनही चढ आला की गाडी बैलगाडी.

गाडी साधी आहे. चार सिलिंडरचं, 1100 सीसीच्या आसपासचं पुशरॉड इंजिन, एका बॅरलचा कार्ब्युरेटर, कॅमशाफ्टवर चालणारा मेकॅनिकल पेट्रोल पंप आणि प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर. कॉम्प्युटर नाही, त्यामुळे कुठला दिवा लागून कोड दाखवायची सोय नाही. मधली दोन वर्षं ती एका जागी उभी होती. रस्त्यावर आल्यावर पहिले काही आठवडे बरी चालली, मग हळूहळू दमायला लागली.

बदललेल्या पार्टांची यादी मला फारशी उपयोगाची वाटत नाही. पार्ट नवा आहे म्हणजे त्याचं काम होतंय असं नसतं. म्हणून मी उलट प्रश्न विचारत गेलो. ताकद पहिल्या क्षणापासून कमी असते की थोड्या वेळाने जाते? सकाळी थंड असतानाही होतं का? ॲक्सिलरेटर सोडला की काय होतं?

उत्तरं चांगली मिळाली. गावात फिरताना काही जाणवत नाही. आयडलिंग घड्याळासारखं. उभ्या गाडीत रेस दिली तर इंजिन झटकन उठतं. लांब चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल पूर्ण दाबून ठेवलं की थोडा वेळ ओढते, मग आचके देते आणि बसते. पाय काढून एखादा मिनिट हळू चालवली की परत थोडा वेळ ओढते. थंड-गरम असा फरक नाही.

शेवटी त्याने दोन गोष्टी सहज म्हणून सांगितल्या. इंजिन गरम असताना पुन्हा सुरू केलं तर स्टार्टर मध्येच अडतो, बॅटरी बदलायला झाली असावी. आणि चौथ्या गिअरमध्ये हळू चालत असताना पॅडल दाबलं की खडखड ऐकू येते, म्हणून हल्ली जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरतो. दोन्ही गोष्टी मी वहीत लिहून घेतल्या आणि पान उलटलं. ते पान परत उघडायला पहिला रविवार संपावा लागला.

पहिला रविवार

गाडी आधी चालवली. एका चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल तळाला टेकवून शेजारी मित्राला स्टॉपवॉच धरायला लावलं. पहिला आचका 38 व्या सेकंदाला. खाली येऊन मिनिटभर थांबलो, पुन्हा गेलो, तेव्हा 35 व्या सेकंदाला. तिसऱ्या खेपेलाही छत्तीसच्या आसपास.

इतकं वेळेवर येणारं दुखणं सहसा इग्निशनचं नसतं. कॉइल तापून करंट सोडायला लागली तर ती मिनिटभरात सावरत नाही. पॉइंटचा दोष असेल तर तो मनात येईल तेव्हा त्रास देतो. अर्धा मिनिट बरोबर पुरतो आणि थोडी विश्रांती मिळाली की पुन्हा भरतो, असा इंजिनात एकच साठा आहे: कार्ब्युरेटरचं फ्लोट चेंबर.

खात्रीसाठी एक जुनी युक्ती केली. चौथ्या खेपेला आचके सुरू होताच चोक, म्हणजे हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ, अर्धा ओढला. मिश्रणात पेट्रोल जास्त झालेलं असतं किंवा करंट कमजोर असता तर चोकने गाडी आणखी गुदमरली असती. ती क्षणभर सावरली, दोन-तीन सेकंद ओढली आणि मगच बसली. म्हणजे इंजिन पेट्रोल मागत होतं.

एवढ्यावर थेट पेट्रोलच्या लाइनकडे वळायला हरकत नव्हती. पण आधी फुकटात होणाऱ्या चार गोष्टी उरकल्या, कारण पुढे त्यातलं काही निघालं तर स्वतःचाच राग येतो. एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत मित्राला पॅडल दाबायला सांगितलं. थ्रॉटलची पाकळी पूर्ण उभी राहते का ते बघायचं असतं. कितीतरी गाड्यांची "गेलेली ताकद" पॅडलखाली दुमडलेल्या मॅटमध्ये किंवा ताणलेल्या केबलमध्ये सापडते. इथे पाकळी पूर्ण उघडत होती. सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी सोडली, मोकळी घरंगळली. चाकांच्या मधोमध हात लावून पाहिला, कुठलंही चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं नव्हतं, म्हणजे ब्रेक धरत नाहीत. क्लच सरकत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग चढत नाही, तसंही नव्हतं.

मग इंजिनाची तब्येत. गरम इंजिन, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, थ्रॉटल पूर्ण उघडं, अशा स्थितीत कॉम्प्रेशन मोजलं: 148, 150, 145, 147 पीएसआय. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं, आणि तो इथे नगण्य होता. थ्रॉटल उघडायचं विसरलात तर चारही आकडे कमी येतात आणि माणूस उगाच पिस्टन रिंगांच्या चौकशीला लागतो.

इन्टेक मॅनिफोल्डला, म्हणजे मिश्रण आत नेणाऱ्या नळीला, ओढ मोजणारं व्हॅक्युम गेज लावलं. आयडलला पाऱ्याचे 20 इंच, काटा स्थिर. निरोगी इंजिनाला सतरा ते एकवीसच्या मधलं काहीही चालतं. रेस देऊन 2500 आरपीएमवर मिनिटभर धरून ठेवलं, काटा खाली घसरत गेला नाही. आतून कोसळलेला सायलेन्सर किंवा तुंबलेला एक्झॉस्ट असता तर तो घसरला असता. मी "उत्तम" असं लिहिलं. हे 20 इंच जरा जास्तच उत्तम आहेत, हे तेव्हा खटकायला हवं होतं.

बाटलीतलं गणित

आता पेट्रोल. कार्ब्युरेटरला येणारा पाइप सोडवून लांब नळीने एका मापाच्या बाटलीत घेतला, आणि इंजिन फ्लोट चेंबरमधल्या पेट्रोलवर आयडलला चालू ठेवलं. आयडलला इंजिन इतकं कमी पितं की चेंबरवर दोन-तीन मिनिटं सहज निघतात. ही चाचणी करताना बाटली इंजिनापासून आणि डिस्ट्रिब्युटरपासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यायची, गाडी उघड्यावर हवी आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा. सुरू इंजिनाशेजारी उघडं पेट्रोल धरणं हा खेळ नाही.

पहिले पंधरा सेकंद धार जोरात आली. मग बारीक झाली, मध्ये मध्ये बुडबुडे यायला लागले. मिनिटाला जेमतेम 130 मिलिलीटर. अशा पंपाने आयडलला मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास द्यावं, असा माझा ठोकताळा आहे.

130 मिलिलीटर ऐकायला फार कमी वाटत नाही. म्हणून तिथेच वहीवर हिशेब मांडला. साठच्या वेगाने सपाट रस्त्यावर ही गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते असं धरलं, तर तासाला 4 लिटर, म्हणजे मिनिटाला 67 मिलिलीटर. पुरवठा मागणीच्या दुप्पट. गावात काहीच जाणवणार नाही. चढावर पूर्ण थ्रॉटल दाबलं की एवढ्या आकाराचं इंजिन तासाला 12 लिटरच्या घरात पितं. म्हणजे मिनिटाला 200 मिलिलीटर. येतंय 130, तूट 70. या कार्ब्युरेटरच्या चेंबरमध्ये पन्नासेक मिलिलीटर मावतं आणि त्यातलं चाळीसच कामाचं धरायचं, कारण तळ गाठण्याआधीच पातळी उतरून मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. 40 भागिले 70, म्हणजे पस्तीस सेकंदांच्या आत-बाहेर.

स्टॉपवॉच 35 ते 38 सांगत होतं. बारा लिटर आणि चाळीस मिलिलीटर हे अंदाजाचे आकडे आहेत, त्यामुळे इतकं जुळणं हा थोडा नशिबाचाही भाग. पण दिशा पक्की झाली.

इथे मी चुकलो. बुडबुडे दिसले म्हणून लाइन कुठेतरी हवा ओढतेय असं मनाने घेतलं. पंपाच्या मागचा सगळा भाग ओढीचा असतो. तिथल्या पाइपला चीर गेली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून जमिनीवर डाग नसणं हा पुरावा होत नाही. तासभर एकेक क्लिप आवळत फिरलो. काही फरक पडला नाही. बुडबुड्यांचं दुसरंही कारण असतं हे नंतर सुचलं: पुढे पंप जोरात ओढतोय आणि मागे कुठेतरी गळा आवळलेला आहे, अशा वेळी लाइनमधला दाब इतका उतरतो की पेट्रोलचीच वाफ होते.

टाकीचं झाकण उघडून चाचणी पुन्हा केली. व्हेंट बुजलेलं असेल तर झाकण उघडताना फुस्स होतं आणि धार सुधारते. दोन्ही झालं नाही.

मग लाइनचे तुकडे पाडले. पंपाच्या तोंडाचा पाइप काढला आणि त्या जागी एक छोटी नवी नळी लावून ती थेट स्वच्छ पेट्रोलच्या डब्यात बुडवली. मिनिटाला 480 मिलिलीटर, एकही बुडबुडा नाही. पंप निर्दोष सुटला. नवा पंप मित्राने मागवून ठेवला होता, तो खोक्यासकट परत गेला.

उरली टाकी, टाकीतली चाळणी, गाडीखालून जाणारा धातूचा पाइप आणि त्याच्या दोन टोकांचे रबरी पाइप. मित्र म्हणाला, "अरे, ही लाइन तर हवा मारून मोकळी केलीय. मी स्वतः बघितलंय, टाकीत बुडबुडे येत होते."

त्यावर मी काही बोललो नाही, कारण मलाही ते पटत होतं. मागच्या बाजूचा, टाकी आणि धातूचा पाइप जोडणारा वीतभर रबरी पाइप काढला. बाहेरून बरा. थोडा मऊ, पण चीर नाही, फुगवटा नाही. तोंडाला फडकं गुंडाळून फुंकर मारली. हवा आरपार. मग सवयीने नव्हे, केवळ पेट्रोलचा वास टाळायला दुसऱ्या टोकाला हातपंप लावून ओढलं. दोन झटके ओढला गेला आणि हातपंपाचा दांडा जागच्या जागी थांबला.

पुन्हा फुंकलं, हवा गेली. पुन्हा ओढलं, बंद.

पाइप ब्लेडने उभा चिरला. आतला काळा थर बाहेरच्या थरापासून सुटला होता आणि एका ठिकाणी जिभेसारखी पातळ चकती भोकात लोंबत होती. बोटाने दाबली की भोक बंद, सोडली की अर्धवट उघडं. कॉम्प्रेसरची हवा आत शिरली की पाइप फुगणार, जीभ भिंतीला चिकटणार आणि टाकीत बुडबुडे येणार. पंपाने ओढलं की उलट. पंप कधीही फुंकत नाही, तो फक्त ओढतो. म्हणजे कॉम्प्रेसरवाल्याने लाइन तपासली होती खरी, पण गाडीत तिच्यावर कधीच येत नाही अशा स्थितीत.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मऊ करतं, फुगवतं, आणि दोन वर्षं उभी राहिलेली गाडी म्हणजे त्या रबराला दोन वर्षं भिजत घातल्यासारखंच. इथेनॉल सोसणारा, फ्युएल इंजेक्शनच्या दर्जाचा पाइप दोन्ही टोकांना टाकला. टाकीतली चाळणी काढून पाहिली, तिच्यावर थोडा गंज होता, धुतली. बाटलीत आता मिनिटाला 460.

संध्याकाळी त्याच चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून गेलो. अर्धा मिनिट गेला, मिनिट गेला, आचका नाही. वरपर्यंत एकसलग. मित्राने गाडी बाजूला घेऊन माझ्या पाठीत धपाटा घातला.

स्टॉपवॉचची कटकट

मला मात्र चैन नव्हतं, आणि त्याचं कारण स्टॉपवॉच होतं. दुरुस्तीच्या आधी सपाट रस्त्यावरही एक मोजमाप घेतलं होतं: तिसऱ्या गिअरमध्ये 40 ते 70 किलोमीटर वेग गाठायला लागणारा वेळ. आले होते 15.1, 14.8 आणि 15.0 सेकंद. पाइप बदलल्यावर त्याच तुकड्यावर, त्याच दिशेने, दोघंच बसून पुन्हा घेतले. 15.0, 14.9, 15.2.

काहीच बदललं नव्हतं, आणि थोडा विचार केला तर बदलायचं कारणही नव्हतं. पंधरा सेकंदांत फ्लोट चेंबर रिकामं होतच नाही. पाइपचा दोष 35 व्या सेकंदाला सुरू व्हायचा. त्याआधीचे पस्तीस सेकंद गाडीला पेट्रोल पूर्ण मिळत होतं, आणि त्या पस्तीस सेकंदांतही ती, मित्राच्या शब्दांत, "ओढते म्हणायची." पूर्वी किती लागायचे हे मोजलेलं नसल्यामुळे पंधरा सेकंद चांगले की वाईट हे आकडा सांगत नव्हता. तो इतकंच सांगत होता की आज केलेल्या कामाशी त्याचा संबंध नाही.

मित्राला वाटलं मी उगाच कोळसा उगाळतोय. "गाडी जुनी आहे रे. एवढंच पळणार ती." असेलही, म्हणून घरी आलो. रात्री वहीचं ते पान उघडलं.

गरम असताना स्टार्टर अडतो. हळू चालीत जोर दिला की खडखड. व्हॅक्युम 20 इंच, जरा जास्तच. तिन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्यावर वेगळं काही सांगायला नको होतं. ठिणगी फार लवकर पडतेय, म्हणजे टायमिंग फार पुढे आहे. पिस्टन अजून वर येत असताना पेटलेला गॅस त्याला उलटा ढकलतो, म्हणून स्टार्टर अडतो. कमी आरपीएमला टायमिंग पुढे असलं तर नोकिंग, म्हणजे ती खडखड, होते, आणि आयडलला व्हॅक्युम वाढतं. बॅटरीचा दोष नव्हताच.

पण मग गोष्ट उलटी होत होती. टायमिंग पुढे असेल तर वरच्या आरपीएमला गाडी नोकिंग करेल, कदाचित तापेल, पण अशी मवाळ कशी होईल?

दुसरा रविवार

टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा, पहिल्याच दिवशी लावायला हवा होता. "नुकतंच लावलंय" या शब्दावर मी विसंबलो, ही या प्रकरणातली माझी मोठी चूक. लावणाऱ्याने ते कानाने लावलं होतं: डिस्ट्रिब्युटर फिरवत राहायचं, इंजिन सगळ्यात खुशीत वाजेल तिथे बोल्ट आवळायचा. खूप जणांचा कान खरोखर तयार असतो. पण कान ऐकतो ते उभ्या गाडीचं, भार नसलेलं इंजिन.

आधी पुलीवरची खूण खरी आहे का ते पाहिलं, कारण काही पुल्यांना मध्ये रबर असतं आणि बाहेरची कडी घसरली की खूणच खोटी होते. एक नंबरच्या प्लगच्या भोकात मऊ नळी सोडून पिस्टन हाताने वर आणला. खूण जुळली. मग डिस्ट्रिब्युटरला जाणारा व्हॅक्युमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद केलं आणि लाइट मारला.

या इंजिनाला आयडलला टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचण्याच्या, आधी 10 अंश हवेत. होते 18.

आता रेस देत 3000 आरपीएमपर्यंत गेलो. खूण सरकत सरकत तीसच्या पुढे जायला हवी होती. ती जागची हलली नाही. अठराच.

कारण समजायला साधा गुणाकार पुरतो. 800 आरपीएमला क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात 4.8 अंश फिरतो, 4000 आरपीएमला 24 अंश. पेट्रोलचं मिश्रण जळायला काही मिलिसेकंद लागतात आणि आरपीएम पाचपट झाला म्हणून जळणं पाचपट जलद होत नाही. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडावी लागते, म्हणजे दाबाचा कळस पिस्टन नुकताच खाली वळल्यावर येतो. हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला पुढे ढकलतात. डिस्ट्रिब्युटरवरचा व्हॅक्युमचा डबा वेगळा. तो अर्धवट थ्रॉटलला मायलेज देतो, पॅडल तळाला टेकल्यावर व्हॅक्युमच उरत नाही म्हणून त्याचा हातभारही उरत नाही. चढावरची ताकद वजनांच्या भरवशावर असते.

लाइट आणण्याआधी करायची एक चाचणी आहे, तिला हत्यार लागत नाही. इंजिन बंद करून कॅप काढायची, रोटर दोन बोटांत धरून फिरण्याच्या दिशेने हलकेच पिळायचा आणि सोडायचा. तो थोडा फिरला पाहिजे आणि स्प्रिंगने टुणकन मागे आला पाहिजे. या गाडीत रोटर दगडासारखा बसला होता. अर्धा मिनिटही लागला नाही हे कळायला, आणि गेल्या काही महिन्यांत पाच वेळा तरी ती कॅप कोणीतरी उघडली होती.

डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी रोटर कुठे बघतोय आणि बॉडी कुठल्या कोनात बसलीय, दोन्हीला खूण केली. त्यानंतर इंजिन फिरवायचं नाही, अगदी "बघू जरा" म्हणूनही नाही. पॉइंटची प्लेट उचलली. वर सगळं चकाकतं नवं, खाली तपकिरी पीठ. वजनांच्या खिळ्यांवर गंज आणि वाळलेल्या ग्रीसचा चिकटा. कॅमच्या वरच्या टोकाला, रोटरच्या खाली, नमद्याची एक वाटोळी टिकली असते. तिच्यावर अधूनमधून दोन थेंब तेल सोडायचं असतं, तेच झिरपत खालच्या शाफ्टला मिळतं. ती टिकली वाळून खपलीसारखी झाली होती. कॅम शाफ्टला चिकटला होता, वजनं मागे खेचलेल्या जागी.

आता मागची साखळी दिसायला लागली. वजनं आधी अडकली. गाडी मवाळ झाली. कोणीतरी कानाने टायमिंग पुढे ओढलं, कारण तसं केल्यावर उभ्या गाडीत इंजिन टवटवीत वाजतं. आयडलला दहाऐवजी अठरा झाले, तेव्हा खडखड आणि स्टार्टरचं अडणं सुरू झालं. वर जिथे बत्तीस हवेत तिथेही अठराच मिळत राहिले, म्हणून ताकद आलीच नाही. खडखडीवर उपाय म्हणून महागडं पेट्रोल आलं. आणि याच काळात मागे पाइपची जीभ सुटत होती.

कॅमवर रस्टचं तेल सोडून रात्रभर ठेवला. सकाळी लाकडी मुठीने आलटून पालटून पिळल्यावर सुटला. सगळं रॉकेलने धुतलं, खिळे अगदी बारीक पॉलिश पेपरने घासले, बॉडी आणि शाफ्टच्या झिजेचा अंदाज घेतला. वजनांच्या दोन स्प्रिंगा एकसारख्या नव्हत्या: एक बारीक, ताठ बसलेली आणि दुसरी जाड, तिचं टोकाचं कडं लांबट आणि खिळ्यावर सैल. ती सैल स्प्रिंग पाहून अनेकांना ती ताणली गेलीय असं वाटतं आणि ते तिथे घट्ट स्प्रिंग बसवतात. ती सैल ठेवलेली असते ती मुद्दाम. सुरुवातीला एकटी बारीक स्प्रिंग ताणली जाते आणि ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती आधी पडते ते, झपाट्याने वाढतो, पुढे जाड स्प्रिंग धरते आणि वाढ मंदावते. दोन्ही होत्या तशाच, होत्या त्याच जागी लावल्या.

नव्या टिकलीवर दोन थेंब इंजिन ऑइल, कॅमच्या पाठीवर ग्रीसचा पुसट हात. आधी पॉइंटची गॅप लावली, कारण गॅप बदलली की टायमिंग बदलतं. आणि मग, गाडी जागची हलवण्याआधी, आयडलचे 18 अंश उतरवून 10 वर आणले. हे राहून गेलं असतं तर आता मोकळी झालेली वजनं अठरात बावीस मिळवून चाळीस अंश करणार होती. आजवर जी खडखड कमी वेगाला ऐकू येत होती ती पूर्ण भाराला झाली असती, आणि तिथे ती पिस्टन खाते.

लाइटखाली आयडलला 10, 3000 आरपीएमला 32, रेस सोडली की खूण सरळ परत दहावर. त्याच सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये 40 ते 70: 12.9, 13.1, 12.8.

दोन सेकंद कागदावर किरकोळ दिसतात. मित्राने पहिल्याच खेपेला मान वळवून माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहायची त्याला गरज पडली नाही. चढाचा वरचा टप्पा, जिथे तो गेलं वर्षभर दुसरा गिअर टाकायचा, तिथे तिसऱ्यातच वेग वाढत होता. गरम इंजिन बंद करून लगेच चावी फिरवली, स्टार्टर अडला नाही. व्हॅक्युम गेज पुन्हा लावलं तेव्हा काटा 18 वर होता, दोन इंच कमी, आणि गाडी आधीपेक्षा बरी. मित्राने साधं पेट्रोल भरायला सुरुवात केलीय. चौथ्या गिअरमधली खडखड परत आलेली नाही.

एक बारीकसं दुखणं मात्र उरलंय. अगदी आयडलवरून पॅडल एकदम दाबलं की गाडी एक ठेच खाते आणि मग उठते. एअर क्लीनर काढून थ्रॉटल हाताने उघडलं तर ॲक्सिलरेटर पंपाची धार कार्ब्युरेटरच्या गळ्यात पडते खरी, पण क्षणभर उशिराने. पूर्वी सगळंच मवाळ होतं तेव्हा ही ठेच त्यात बुडून जात होती. किट नवं आहे, असं मित्र म्हणतो. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जाणार आहे.